बेटाचा धडा

१

तिसरीच्या वर्गाचा पहिला तास बेटाचा असे. पुस्तक नव्हतं. राज्य बदललं की जुनी पुस्तकं गोळा होत, गाडीत भरून लगद्याला जात, आणि नवी छापून येईस्तोवर पुन्हा राज्य बदलायची वेळ आलेली असे. शेवटी बेटावरच्या शाळांनी पुस्तकांची आशाच सोडून दिली होती. बाईंनी एक ओळ म्हणायची, वर्गानं ती एका सुरात मागून म्हणायची, की पुढची ओळ. वह्यासुद्धा नकोत असा हुकूम होता. "लिहिलेलं खोडत बसावं लागतं, म्हटलेलं आपोआप विरतं," असं मोठ्या बाई म्हणत. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांनी तीन राज्यं त्याच खुर्चीत बसून पाहिली होती.

तिसरीच्या बाई मात्र नव्या होत्या. कॉलेज सुटलं आणि ती थेट फळ्यापुढे उभी राहिली. दार आपटलं तरी तिच्या काळजाचा ठोका चुकायचा. पण हा तास तिला आवडायचा. त्यात विचार करावा लागत नसे.

"आपलं बेट उपड्या होडीसारखं आहे."

"आपलं बेट उपड्या होडीसारखं आहे!"

"मधे डोंगर, उत्तरेला धक्का, दक्षिणेला मिठागरं."

"मधे डोंगर, उत्तरेला धक्का, दक्षिणेला मिठागरं!"

"डोंगरावरचे ते वरचे, किनाऱ्यावरचे ते खालचे. दोघं भावाभावांसारखे राहतात."

इथे तिला दर वेळी हसू दाबावं लागे. तिचा दादा म्हणायचा, "भावाभावांसारखेच गं. टाळकी फोडतात आणि वर सांगतात, यानंच आधी सुरू केलं."

"आधी परक्यांचं राज्य होतं. मग आपल्यांचं कौन्सिल आलं. मग कौन्सिल बरखास्त झालं."

वर्गानं तेही म्हटलं. आता शेवटची ओळ उरली होती, बेटावर शांतता नांदू लागल्याची. तेवढ्यात हातातला खडू निसटला, म्हणून ती वाकली. बाकांवर क्षणभर चिडीचूप झालं. आणि मग सगळा वर्ग एका सुरात म्हणाला,

"धक्क्यावरच्या माणसांना कमरेला दोर बांधून चुन्याच्या भट्टीकडे नेलं!"

ती खडू घेऊन उठली तेव्हा मुलं शांतपणे तिच्याकडे बघत होती, पुढच्या ओळीची वाट बघावी तशी. तिनं कशीबशी शेवटची ओळ म्हटली. त्यांनी ती मागून म्हटली. तास संपला.

धक्क्यावर संप चालू होता. आणि धक्क्यावर तिचा दादा होता.

२

मधल्या सुट्टीत तिनं मुलांना एकेकटं बोलावलं. आधी पहिल्या बाकावरच्या पोरीला. तिचा आवाज असा होता की सगळी शाळा तिला भोंगा म्हणायची.

"म्हण बघू धडा. एकटी म्हण."

भोंग्यानं होडीपासून शांततेपर्यंत धडा घडाघडा म्हणून दाखवला. एक अक्षर इकडचं तिकडे नाही. दुसऱ्यानंही तसाच म्हटला, तिसऱ्या पोरीनंही. भट्टीचं नाव काढलं की कुठली भट्टी म्हणून विचारत, आणि ते सोंग वाटत नव्हतं. सोंग करणारं पोर बाईंना कळतं. त्याचे कान लाल होतात.

तिनं स्वतःची समजूत घातली. कॉलेजात मानसशास्त्राचा एक पेपर होता, त्यात जमावाच्या मनावर एक प्रकरण होतं, आणि ते तिनं ऑप्शनला टाकलं होतं. तरी त्यातलं थोडंफार आठवत होतं. संपाची भाषा घराघरांत चाललेली, पोरं ती ऐकतात, एकानं तोंड उघडलं की बाकीची ओढली जातात. एवढंच असणार.

संध्याकाळी दादा आला. आई गेल्यापासून घरात दोघंच. तो क्रेन चालवायचा. म्हणजे संपाआधी चालवायचा. आता क्रेनचे आकडे नुसते लोंबकळत असत.

"काय दचके, आज कुठल्या पालीनं घाबरवलं?"

तिनं सांगितलं. तो हसला, पण हसणं अर्ध्यावरच सोडून हात धुवायला गेला.

"दोर कमरेला कशाला बांधतील? हात बांधतात," तो आतून म्हणाला.

"दादा, उद्या जाऊ नकोस."

"मी नाही गेलो तर बाकीचे म्हणतील, बहिणीच्या वर्गातल्या पोरांना भ्याला. आणि मी वर बसतो गं, क्रेनच्या खोलीत. मला धरायचं तर त्यांना शिडी आणावी लागेल."

"त्यांच्याकडे शिड्या आहेत."

"तुझ्याकडे दर गोष्टीला उत्तर आहे. एवढी हुशार आहेस तर कापतेस कशाला?"

 तिनं हातातली वाटी ताटात ठेवून दिली.

३

दुसऱ्या दिवशी तिनं मोठ्या बाईंना वर्गात आणून बसवलं. मोठ्या बाई मागच्या बाकावर हातात वेताची छडी घेऊन बसल्या. या वेळी तिनं काही पाडलं नाही. कौन्सिल बरखास्त झाल्यावर ती मुद्दाम गप्प राहिली आणि मुलांकडे बघत राहिली.

आधीच्या दिवशी वाकल्यामुळे जे दिसलं नव्हतं ते आता दिसलं. मुलं ऐकत होती. तोंडं मिटलेली, माना किंचित वर, आणि डोळे तिच्यावर नव्हतेच. ते तिच्या डावीकडे, फळ्याच्या कडेला, एका उभ्या माणसाच्या तोंडाच्या उंचीवर खिळले होते. एखादी लांब ओळ ऐकायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ गेला.

"धक्क्यावरच्या माणसांना कमरेला दोर बांधून चुन्याच्या भट्टीकडे नेलं! वाटेत जो पडला त्याला तिथंच संपवलं!"

मोठ्या बाई उठल्या. छडी त्यांनी बाकावरच ठेवली. पुढे येऊन त्यांनी भोंग्याच्या थोबाडीत अशी मारली की पोरीचं डोकं बाकाच्या कडेवर आदळलं आणि ओठातून रक्त आलं.

"कुणी शिकवलं हे? बोल!"

पोरगी रडली नाही. रक्त गिळून म्हणाली, "बाईंनी सांगितलं ते मागून म्हटलं."

"मी?" ती फळ्यापासून पुढे आली. "अगं, मी कुठं काय म्हटलं?"

"तुम्ही नाही," भोंगा म्हणाली. "त्या."

आणि तिनं फळ्याच्या कडेला बघितलं. तिथं पोपडे सुटलेली भिंत होती आणि डस्टर लटकवायचा खिळा होता.

मोठ्या बाईंनी आणखी एक मारली, आणि मग एक. ती पोरीला वाचवायला मधे पडली तेव्हा तिचा हात मोठ्या बाईंच्या घट्ट मुठीवर पडला. 

"माझ्या शाळेतून असलं बाहेर गेलं ना," मोठ्या बाई दात आवळून म्हणाल्या, "तर ते आधी मला नेतील, मग तुला. उद्यापासून हिशेब शिकव."

"पण तुम्हीही ऐकलंत ना? ती मुलं कुणाकडे तरी बघत होती."

"मी काही बघितलं नाही. मी इथं इतकी वर्षं का टिकले असं वाटतं तुला?"

४

ती हिशेब शिकवत होती तेव्हा धक्क्याकडून आवाज आले. आधी वाटलं, लोखंडी पत्रे उतरवताहेत. मग लक्षात आलं की संप चालू आहे, पत्रे उतरवणार कोण.

शाळेच्या खिडकीखालूनच भट्टीकडे जाणारा डोंगराचा रस्ता जायचा. थोड्या वेळानं त्या रस्त्यानं ते आले. सगळ्यांच्या कमरेला एकच दोर, पुढच्याचा मागच्याला बांधलेला. हातही दोरात अडकवलेले, त्यामुळे चेहऱ्यावरचं रक्त पुसता येत नव्हतं. एकाचा जबडा लोंबत होता. एकाच्या पायात एकच बूट होता. बाजूनं शिपाई चालत होते आणि कुणी रेंगाळलं की बंदुकीचा दस्ता मारत होते, रागानं नाही, गुरं हाकावी तसे. खिडकीच्या अगदी खाली एक म्हातारा हमाल गुडघ्यावर बसला. ऊठ म्हटलं, उठला नाही. दस्ता एकदा खांद्यावर बसला, मग डोक्यात, मग पुन्हा डोक्यात, आणि आवाज बदलला. दोर कापून त्याला गटाराकडे ढकललं. दोराची दोन टोकं पुन्हा गाठ मारून जोडली आणि रांग पुढे निघाली.

ती एकेक तोंड बघत होती. सुजलेल्या तोंडांतून दादाचं तोंड शोधायचं, आणि ते सापडू नये म्हणून देवाला विनवायचं, दोन्ही एकदमच चाललं होतं. दादा दिसला नाही. जिवात जीव आला, आणि लगेच मनात आलं, दिसला नाही म्हणजे तो धक्क्यावरच राहिला असेल, पालथा.

मागे वर्ग गप्प होता. कुणी खिडकीशी आलं नव्हतं. ती वळली. सगळी मुलं हात जोडून बसली होती, माना किंचित वर करून, आणि त्यांचे डोळे दारापासून फळ्यापर्यंत हळूहळू सरकत होते. कुणीतरी चालत येत होतं त्यांच्या डोळ्यांत. पहिल्या बाकावरच्या पोरीनं वाट द्यावी तसे पाय आत घेतले.

"नको," ती म्हणाली. "बाळांनो, नको ना."

"एक जण सुटला!" वर्ग म्हणाला.

तिला रडू फुटलं. आनंदानं की भीतीनं, हे तिचं तिलाच सांगता आलं नसतं.

५

सकाळी शाळा भरायच्या आधी ती वर्ग उघडायला गेली, तेव्हा कडी आतून होती. तिनं दाराला कान लावला.

"दचके," आतून आवाज आला. "मीच आहे. किंचाळू नकोस."

दादानं कडी काढली आणि पुन्हा भिंतीला टेकून बसला. एक डोळा पूर्ण मिटलेला. उजव्या हाताची बोटं कुणीतरी दाराच्या फटीत घालून दार लावावं तशी झाली होती. क्रेनच्या खोलीत चढून त्यांनी बोटांवर बूट दिले होते, म्हणजे धरलेला दांडा सुटावा. सुटला तो थेट पाण्यात. त्यांना वाटलं, बुडाला.

"शिडी आणली त्यांनी," तो म्हणाला आणि हसायला गेला, पण खोकला आला.

"घरी का नाही गेलास?"

"घरीच आधी बघतील. आज दिवसभर कुठंतरी पडून राहतो. मिठागराकडून एक होडी निघणार आहे अंधार पडल्यावर."

 कालची ओळ तिनं त्याला सांगितली नाही. आज कुठली ओळ येईल, याचा विचारही तिनं दाबून टाकला.

फळ्यापुढे बाईंना उभं राहायला लाकडी चौथरा होता, आतून पोकळ, बाजूची एक फळी सैल. त्यात पूर्वी नकाशांच्या सुरळ्या ठेवत. दादा वेडावाकडा होऊन आत सरकला. तिनं फळी लावली आणि ओढणीनं जमिनीवरचं रक्त पुसलं. घंटा झाली. मुलं आली.

ती चौथऱ्यावर चढली. फळ्यांच्या फटींतून त्याचा श्वास तिच्या तळपायांना लागत होता.

"आज पाढे म्हणायचे," ती म्हणाली.

पण कुणी पाढ्यांकडे बघत नव्हतं. डोळे दाराकडे लागले होते. ते दारापासून निघाले, बाकांच्या मधून आले, आणि या वेळी फळ्याच्या कडेला थांबले नाहीत. चौथऱ्यापाशी आले, तिच्या अगदी शेजारी, आणि तिथं उभे राहिले. तिच्या डाव्या दंडावरचे केस ताठ झाले. तिनं तिकडे बघितलं नाही.

"सुटला तो शाळेत आला!" वर्ग म्हणाला. "तो..."

"बे एके बे!" ती ओरडली.

मुलं अडखळली. डोळे तिच्याकडे वळले.

"बे एके बे," वर्ग म्हणाला.

तिला कळलं. दोन बायका सांगत असल्या तर मुलं जिचा आवाज आधी येईल तिच्या मागे जातात. तिनं फक्त गप्प बसायचं नाही.

६

पाढे चालू असतानाच फाटकाशी गाडी थांबली. बाहेर शाळेचे शिपाईकाका काहीतरी अजिजीनं सांगत होते. मग घंटेचा एक विचित्र, बसका आवाज झाला. कुणीतरी काकांचं डोकं घंटेवर आपटलं होतं. पुन्हा तसाच आवाज. मग काका बोलायचे थांबले. मोठ्या बाई व्हरांड्यात म्हणत होत्या, "या ना साहेब, सगळे वर्ग बघा, आमच्याकडे लपवण्यासारखं काय असणार." चौथीच्या वर्गातली बाकं उलथल्याचा धडधडाट झाला, आणि मुलांचं रडणं.

तिसरीच्या दारात साहेब आला. तरुण होता, तिच्याच वयाचा. दुसऱ्या बेटाकडचा असावा, बोलण्यात तो हेल होता. बाही कोपरापर्यंत ओली, आणि ते पाणी नव्हतं. मागे दोन शिपाई.

"चालू द्या बाई," तो म्हणाला. "पाढे नकोत. ते बेटाचं म्हणायला लावता ना तुम्ही? ते ऐकवा. आम्हालाही कळू दे, कुठं आलोत ते."

शिपायांनी मागची बाकं मुलांसकट सरकवली. कपाट पाडलं. एकानं खिडकीच्या पडद्यातून संगीन आरपार घातली.

"आपलं बेट उपड्या होडीसारखं आहे," ती म्हणाली.

"आपलं बेट उपड्या होडीसारखं आहे!"

डोंगर, धक्का, मिठागरं. भराभर. वर्गाचं शेवटचं अक्षर संपायच्या आत ती पुढची ओळ सुरू करत होती, मधे नखाएवढी फट न ठेवता. इतिहासाजवळ ती जाणारच नव्हती. तिनं वारे सांगितले, भरती-ओहोटी सांगितली, दगडांचे प्रकार सांगितले. पक्षी सांगितले. वर्ग मागून म्हणत होता, पण सुरात काहीतरी ओढाताण होती. निम्मे डोळे तिच्यावर, निम्मे तिच्या शेजारी. एवढंसं बेट. ते संपत आलं. मग तिनं नसलेलं सांगायला सुरुवात केली. पश्चिमेला दाट जंगल आहे. जंगलात तळं आहे. मुलांनी आयुष्यात जंगल बघितलेलं नव्हतं, तरी त्यांनी मागून म्हटलं.  तळपायांखाली श्वास थांबला होता. दादानं तो धरून ठेवला होता.

शिपाई कपाट उलटंपालटं करून साहेबाकडे बघू लागले. इथं काही नाही, असं एकानं मानेनं सांगितलं. साहेब वळला.

"तळ्यातून एक नदी निघते," ती म्हणाली.

"तळ्यातून एक नदी निघते!"

"ती नदी..."

"थांबा, थांबा," साहेब दारातून परत फिरला आणि हात वर केला. त्याच्या चेहऱ्यावर साधं कुतूहल होतं. "नदी कुठंय? सगळं बेट पायाखाली घातलं आम्ही. थेंबभर गोडं पाणी नाही मिळालं."

उत्तर द्यायला तिनं तोंड उघडलं. आवाज फुटला नाही. तिच्या कानाशी, अगदी खांद्यावर हनुवटी ठेवावी इतक्या जवळ, कुणीतरी श्वास आत घेतला, बोलायच्या आधी घेतात तसा.

सगळ्या वर्गाच्या माना किंचित वर झाल्या.

ती चौथऱ्याच्या कडेपर्यंत वाकली आणि भोंग्याच्या तोंडावर हात दाबला. एवढाच आवाज बुजला तर बाकीच्यांचं बोलणं कळणार नाही, असं काहीतरी वेडं तिच्या डोक्यात आलं होतं. तळव्याखाली फुटलेला ओठ हलायला लागला. वर्ग म्हणाला,

"तो बाईंच्या पायाखाली आहे!"

 साहेबानं आधी मुलांकडे बघितलं, मग तिच्या पायांकडे, मग चौथऱ्याच्या बाजूच्या सैल फळीकडे. त्याच्या चेहऱ्यावरचं कुतूहल तसंच होतं. त्यानं शिपायाच्या हातातली बंदूक घेतली.

"बाई, जरा बाजूला व्हा."

खालून फळीवर टकटक झाली. हळूच, मोडक्या बोटांनी. हो बाजूला, असं दादा सांगत होता.

पण तिनं दोन्ही पावलं त्याच्यावर घट्ट रोवली आणि ती तिथंच उभी राहिली. साहेबानं नळी तिच्या छातीवरून खाली आणली, पुन्हा वर नेली, जणू कुठून सुरुवात करावी हे ठरत नव्हतं.

मुलांना मात्र ते कुणीतरी सांगत होतं. मुलं बाईंच्या शेजारी बघून लक्षपूर्वक ऐकत होती. एक छोटीशी ओळ असावी. ती ऐकून झाली, आणि सगळ्या वर्गानं एकदम कानांत बोटं घातली.